तीव्रता कमी, मुदत मोठी

फेब्रुवारी २०२३ मध्ये पुण्यातील एका रुग्णालयाच्या समुपदेशनाच्या लहानशा खोलीत माझ्या बोन मॅरो (अस्थिमज्जा) प्रत्यारोपणाविषयी समजावताना डॉक्टरांनी कोऱ्या कागदावर दोन रकाने पाडले आणि एकावर 'पूर्ण तीव्रता', दुसऱ्यावर 'कमी तीव्रता' असे लिहिले. शेजारी बसलेल्या माझ्या यजमानांनी दुसऱ्या रकान्यावर बोट ठेवून मोठ्या आशेने विचारले, "म्हणजे हे सौम्य, नाही का?" डॉक्टरांनी होकार दिला नाही आणि नकारही दिला नाही, "केमो सौम्य असेल," एवढेच ते म्हणाले. सांगलीला परतल्यावर नातेवाइकांमध्ये बातमी पसरली ती मात्र 'हिचे सौम्य ऑपरेशन आहे' अशी. यात ऑपरेशन नसते, दात्याच्या पेशी सलाइनसारख्या शिरेतून चढवतात, हे फोनवर समजावण्यातच माझा एक आठवडा गेला. नेमके सौम्य काय होते आणि काय नव्हते, हे मला स्वतःला कळायला त्याहून पुष्कळ जास्त काळ लागला.

मी वीज मंडळाच्या लेखा विभागात तेहतीस वर्षे काम करून निवृत्त झाले. आकडे जागच्या जागी लिहून ठेवण्याची सवय हाडात मुरलेली असल्यामुळे आजारपणातही एक दोनशे पानी वही माझ्या उशाशी होती, आणि पुढचे बहुतेक सगळे त्या वहीवरूनच लिहिले आहे. जिथे माझी वही माझ्याविरुद्ध साक्ष देते, तिथलेही लिहिले आहे.

आजाराच्या सुरुवातीविषयी थोडक्यात सांगते. सप्टेंबर २०२२ मध्ये, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, जिना चढताना धाप लागू लागली आणि दंडावर मार न लागता काळेनिळे डाग दिसू लागले. मिरजेत तपासणी झाली, बोन मॅरोचा नमुना गेला, आणि 'अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया', म्हणजे रक्ताचा कर्करोग, असे निदान आले. जनुकांच्या तपासणीत असे काही बदल सापडले, की नुसत्या केमोने आजार फार काळ दबून राहणार नाही. माझ्या वयाला झेपेल असा उपचार म्हणून दर अठ्ठावीस दिवसांत सात दिवस ॲझासिटिडीनची इंजेक्शने आणि सोबत व्हेनेटोक्लॅक्सच्या गोळ्या सुरू झाल्या. बुरशीचा संसर्ग होऊ नये म्हणून दिलेल्या औषधामुळे व्हेनेटोक्लॅक्स रक्तात साचते, म्हणून त्याची मात्रा बरीच कमी करावी लागते, हे तेव्हाच कानावर पडले होते. दोन औषधे एकमेकांच्या हिशेबात ढवळाढवळ करतात हा धडा तेव्हाच पक्का गिरवला असता, तर पुढे मे महिन्यात माझ्या हातून झाली ती चूक कदाचित झाली नसती. दुसऱ्या आवर्तनानंतर मॅरो स्वच्छ आला आणि आम्हाला पुण्याला पाठवण्यात आले.

कमी तीव्रतेच्या प्रत्यारोपणामागचा विचार मला समजला तो माझ्या जुन्या खात्याच्या भाषेतून. पूर्वीची कल्पना अशी होती, की रुग्णाचा मॅरो अतितीव्र केमो आणि किरणोत्सर्गाने पूर्ण जाळून टाकायचा आणि रिकाम्या जागी दात्याचा मॅरो लावायचा. या कामाचा पाया घालणारे अमेरिकेतील डॉ. ई. डॉनल थॉमस यांना १९९० चे नोबेल पारितोषिक मिळाले. पण पन्नाशी-पंचावन्नच्या पुढचे शरीर अशी जाळपोळ सोसू शकत नसे, आणि हा आजार तर मुख्यतः उतारवयातच होतो. दरम्यान डॉक्टरांच्या एक गोष्ट लक्षात आली होती: एकसारख्या जुळ्या भावंडाच्या पेशी घेतलेल्या रुग्णांमध्ये आजार उलटण्याचे प्रमाण इतर भावंडांच्या पेशी घेतलेल्यांपेक्षा जास्त असे. याचा अर्थ असा, की कर्करोगाच्या उरल्यासुरल्या पेशी निव्वळ केमो मारत नाही. दात्याच्या रोगप्रतिकारक पेशी त्यांना परक्या म्हणून ओळखतात आणि मारतात, आणि जुळ्याला ते परकेपण दिसतच नाही. आमच्याकडेही ज्या कार्यालयातील गैरव्यवहार, त्याच कार्यालयातील माणूस तपासायला बसवला तर त्याला सगळी व्हाउचरे बरोबरच दिसतात. बाहेरचा लेखापरीक्षक यावा लागतो.

मग केमो एवढीच द्यायची, की बाहेरच्या लेखापरीक्षकाला आत शिरून खुर्ची मिळावी. तपासणीचे खरे काम त्याने पुढच्या काही महिन्यांत सावकाश करावे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ह्यूस्टन, जेरुसलेम आणि सिएटल अशा ठिकाणच्या डॉक्टरांनी ही पद्धत रुग्णांवर वापरून दाखवली. सिएटलमध्ये तर आधी कुत्र्यांवर प्रयोग करून किरणांची मात्रा पायरीपायरीने २ ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचे एकक) इतकी खाली आणली गेली होती. पूर्ण तीव्रतेत ती साधारण १२ ग्रे असते. अडचण एकच, की हा लेखापरीक्षक कर्करोगाबरोबरच त्वचा, आतडी आणि यकृत यांच्यावरही आक्षेप काढू लागतो. त्यालाच 'ग्राफ्ट व्हर्सस होस्ट डिसीज' म्हणतात आणि वॉर्डात सगळे 'जीव्हीएचडी' म्हणतात.

डॉक्टरांनी या पद्धतीची उणी बाजूही लपवली नाही. अमेरिकेत २०११ ते २०१४ या काळात पासष्ट वर्षांपर्यंतच्या २७२ रुग्णांवर दोन्ही पद्धतींची तुलना झाली होती. अठरा महिन्यांत आजार उलटण्याचे प्रमाण कमी तीव्रतेच्या गटात सुमारे ४८ टक्के, तर पूर्ण तीव्रतेच्या गटात १३.५ टक्के होते. उलट उपचारामुळेच झालेले मृत्यू कमी तीव्रतेत ४.४ टक्के आणि पूर्ण तीव्रतेत १५.८ टक्के होते. ज्याला पूर्ण तीव्रता झेपते त्याने तीच घ्यावी, असा त्याचा सरळ अर्थ. मला ती झेपणारी नव्हती: फुप्फुसांतून रक्तात वायू जाण्याची माझी क्षमता अपेक्षेच्या ६२ टक्के भरली होती आणि रक्तदाब वीस वर्षांचा जुना होता. हे आकडे मी त्या रात्री वहीत लिहिले आणि यजमानांना दाखवले नाहीत. त्यांनी मुलाकडून ते आधीच मिळवले होते, हे मला नंतर कळले.

दाता शोधण्याचे प्रकरण मला वाटले होते त्याहून गुंतागुंतीचे निघाले. सख्ख्या भावंडाचे एचएलए, म्हणजे पेशींवरच्या ओळखीच्या खुणा, पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते; मला एकच भाऊ, सहासष्ट वर्षांचा, आणि तो जुळला नाही. जगभरातील नोंदणी संस्थांकडे मिळून चार कोटींहून अधिक इच्छुक दाते आहेत, परंतु त्यांत भारतीय वंशाचे फार थोडे असल्यामुळे आपल्या लोकांना त्या यादीत जुळणारा माणूस मिळणे अवघड जाते. आमचा शोधही रिकामाच परत आला. राहिली मुले. मुलाला निम्मे एचएलए आईकडून आणि निम्मे वडिलांकडून मिळत असल्यामुळे पोटचे प्रत्येक मूल निम्मे जुळतेच. माझा मुलगा बत्तीस वर्षांचा, धडधाकट आणि रोज पोहणारा. त्याने कार्यालयात रजेचा अर्जही देऊन टाकला होता.

आणि मग माझ्या रक्ताची आणखी एक तपासणी आली. माझ्या शरीरात मुलाच्या एचएलएविरुद्ध प्रतिपिंडे होती आणि ती थोडीथोडकी नव्हती. गरोदरपणात बाळाच्या पेशी आईच्या रक्तात मिसळतात, त्या पेशींवरचा वडिलांकडून आलेला भाग आईच्या शरीराला परका वाटतो आणि त्याविरुद्धची प्रतिपिंडे कधी कधी अनेक दशके टिकून राहतात. बत्तीस वर्षांपूर्वी ज्याला पोटात वाढवले, त्याच्याच पेशी आता माझ्या शरीराने दारातूनच परतवून लावल्या असत्या आणि त्या रुजल्या नसत्या. मुलाला हे सांगताना डॉक्टरांनी पुष्कळ काळजी घेतली, तरी तो खिडकीकडे तोंड करून बराच वेळ उभा राहिला. काही दिवस मलाही उगीच अपराधी वाटत होते, जणू मीच त्याला नाकारले होते.

मुलगी एकोणतीस वर्षांची, बेंगळुरूला नोकरीला. तिला वडिलांकडून मिळालेला निम्मा भाग मुलाला मिळालेल्या भागाहून वेगळा निघाला आणि त्याविरुद्ध माझ्या रक्तात नगण्य प्रतिपिंडे होती. मिरजेत मला रक्त चढवताना घरातल्या कोणाचेही रक्त घ्यायचे नाही असे तिथल्या डॉक्टरांनी बजावले होते, तेव्हा मुले थोडी नाराज झाली होती. त्या बजावण्याचे मोल आता कळले. नातेवाइकांच्या रक्तामुळे अशी प्रतिपिंडे आणखी वाढू शकतात आणि मग हातचा दाता जातो. मुलीला फोन केला तेव्हा ती फक्त म्हणाली, "आई, तारीख सांग. तिकीट काढते."

पैशांविषयी लिहायला संकोच वाटतो, पण लेखा विभागातल्या बाईने ते टाळणे शोभणार नाही. रुग्णालयाचे अंदाजपत्रक बावीस लाखांचे होते. विम्याचे पाच लाख, माझ्या उपदानाची आणि भविष्य निर्वाहातील शिल्लक, भावाने न मागता पाठवलेले तीन लाख आणि काही धर्मादाय न्यासांची मदत असे जमवले. अंदाजपत्रकात प्रत्यारोपणानंतरचे पहिले तीस दिवस धरलेले होते. त्यानंतरच्या औषधांचा, आठवड्यातून दोनदा होणाऱ्या तपासण्यांचा आणि भाड्याच्या घराचा त्यात उल्लेखच नव्हता, आणि वर्षअखेरीस माझ्या वहीतील बेरीज तीस लाखांच्या पुढे गेली होती. कोणी मला सल्ला विचारला, तर तीस दिवसांचा नव्हे, एका वर्षाचा अंदाज लेखी मागा, एवढे मी आवर्जून सांगते.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी आयसोलेशनच्या खोलीत गेले. मानेखाली हिकमन लाइन, म्हणजे मोठ्या शिरेत जाणारी नळी, बसवली, केस आधीच बारीक कापून घेतले. प्रत्यारोपणाचा दिवस हा शून्य दिवस, त्याआधीचे दिवस उणे आणि नंतरचे अधिक, अशी तिथली दिनदर्शिका असते. उणे सहा, म्हणजे ६ एप्रिल, हनुमान जयंतीला पहिले औषध सुरू झाले: फ्लुडाराबीन पाच दिवस, त्यांतील पहिले दोन दिवस सायक्लोफॉस्फमाइडची लहान मात्रा, आणि उणे एक दिवशी सर्व शरीराला २ ग्रे किरण. कमी तीव्रतेच्या पद्धतींमध्येही ही सर्वांत खालची पायरी आहे, असे डॉक्टर म्हणाले. किरणांसाठी मला एका लांब पेटीसारख्या जागेत झोपवले आणि शरीराभोवतीच्या फटींत तांदळाने भरलेल्या पिशव्या दाबून बसवल्या. शरीराच्या जाड आणि बारीक भागांवर किरण सारखे पडावेत म्हणून ही योजना असते. कोट्यवधींचे यंत्र आणि त्यात तांदळाच्या पिशव्या! त्या अवस्थेतही मला हसू आले आणि तंत्रज्ञाने घाबरून विचारले, "काकू, काही होतंय का?"

या सहा दिवसांत मला फारसा त्रास झाला नाही. थोडी मळमळ, तोंडाची चव गेलेली, एवढेच. सौम्य म्हणतात ते हेच असेल, असा समज पक्का होण्यास ते पुरेसे होते.

तिकडे मुलीला चार दिवस रोज इंजेक्शने चालू होती, ज्यांमुळे मॅरोमधील मूळपेशी रक्तात उतरतात. तिची कंबर आणि मांड्यांची हाडे ठणकत होती. हे तिने मला सांगितले नाही, सिस्टरने सांगितले. १२ एप्रिलला सकाळी पाचवे इंजेक्शन घेऊन ती यंत्राला जोडली गेली आणि साडेचार तास दोन्ही हात न हलवता पडून राहिली. एका हातातून रक्त यंत्रात जाते, मूळपेशी वेगळ्या काढल्या जातात आणि बाकीचे रक्त दुसऱ्या हातातून परत येते. रक्त गोठू नये म्हणून यंत्रात घातलेल्या औषधाने कॅल्शियम उतरते, म्हणून तिच्या ओठांना मुंग्या येत होत्या आणि तिला कॅल्शियम देत होते. संध्याकाळी माझ्या खोलीत एक पिशवी आली, टोमॅटोच्या साराच्या रंगाची, जेमतेम पाव लिटरची. माझ्या वजनाच्या प्रत्येक किलोमागे पन्नास लाखांहून अधिक मूळपेशी त्यात होत्या. ती शिरेतून जायला तासभर लागला. सिस्टरने मोबाइलवर गणपतीची आरती लावली, आणि ती संपायच्या आत मला झोप लागली.

पुढचे तीन दिवस मात्र मी विसरू शकत नाही. अधिक एकच्या रात्रीपासून ताप चढला: १०२, १०३, मग १०३.६. निम्म्या जुळणाऱ्या पेशींमध्ये हे अपेक्षितच असते. मुलीच्या रोगप्रतिकारक पेशींनी माझ्या शरीरात परकेपणा पाहिला होता आणि त्या वेगाने वाढू लागल्या होत्या. मी विनवण्या करत होते, की स्टेरॉइडचे एक इंजेक्शन द्या आणि हा ताप उतरवा. डॉक्टरांनी शांतपणे नकार दिला. पॅरासिटामॉल, ओल्या कापडाच्या पट्ट्या, अँटिबायोटिक आणि सलाइन, याखेरीज काही नाही. कारण ज्या पेशी आत्ता सर्वांत उतावीळपणे वाढत होत्या, त्याच पुढे माझ्या आतड्यांवर आणि त्वचेवर तुटून पडणाऱ्या होत्या, आणि अधिक तीन व अधिक चार या दोन दिवशी दिल्या जाणाऱ्या औषधाने वाढत असलेल्या नेमक्या त्याच पेशी मरतात. स्टेरॉइड देऊन त्यांना आधीच झोपवले, तर औषधाचा नेम चुकतो. मूळपेशींमध्ये मात्र हे औषध निष्प्रभ करणारे एक विकर (एन्झाइम) भरपूर असते, म्हणून त्या त्यातून वाचतात. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधील डॉक्टरांनी विकसित केलेल्या या एका युक्तीमुळे निम्मे जुळणारे आईवडील, मुले आणि भावंडे दाते होऊ शकली, आणि आपल्यासारख्या देशात, जिथे नोंदणीत जुळणारा दाता सहसा मिळत नाही, तिथे तिचे महत्त्व फार मोठे आहे.

हे औषध म्हणजे पुन्हा सायक्लोफॉस्फमाइडच, पण आता प्रत्येक किलोमागे ५० मिलिग्रॅम, सलग दोन दिवस. माझे वजन ५८ किलो. म्हणजे दर दिवशी २,९०० मिलिग्रॅम. मी वहीत ताळा केला: पेशी देण्यापूर्वी मिळालेल्या मात्रेच्या हे साडेतीनपट होते. ज्याला आम्ही सौम्य प्रत्यारोपण म्हणत होतो, त्यातील सर्वांत मोठी केमो प्रत्यारोपण झाल्यानंतर होती. मूत्राशयाला इजा होऊ नये म्हणून सोबत मेस्ना नावाचे औषध आणि इतके सलाइन, की रात्रंदिवस तासातासाला उठावे लागे. पण अधिक पाच दिवशी सकाळी ताप ९९ वर आला. त्याच दिवशी टॅक्रोलिमस आणि मायकोफेनोलेट ही प्रतिकारशक्ती दाबून ठेवणारी औषधे आणि पांढऱ्या पेशी वाढवणारे इंजेक्शन सुरू झाले.

त्यानंतर रिकामे दिवस. पांढऱ्या पेशी ५०, ५०, १००, ५०. रोज सकाळी सहा वाजता रक्त जायचे आणि दहा वाजता आकडा यायचा. तोंडात फोड आले, पण पाणी गिळता येत होते. प्लेटलेटच्या सहा पिशव्या लागल्या, प्रत्येक पिशवी किरणांतून काढलेली, जेणेकरून रक्तदात्याच्या पेशी माझ्यात वाढू नयेत. त्या सहा जणांची नावे मला कधीच कळणार नाहीत. अधिक सोळा दिवशी न्यूट्रोफिल, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, ५४०, दुसऱ्या दिवशी ८१०, तिसऱ्या दिवशी १,३००. सलग तीन दिवस पाचशेच्या वर म्हणजे पेशी रुजल्या. सिस्टरांनी दारावर कागदी फुलांचे तोरण लावले. खरी फुले त्या मजल्यावर चालत नाहीत.

४ मे रोजी, अधिक बावीस दिवशी, मला सोडण्यात आले, पण सांगलीला नव्हे. शंभर दिवस रुग्णालयापासून अर्ध्या तासाच्या आत राहायचे, म्हणून आम्ही जवळच दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. ज्यांनी आयुष्यात चहापलीकडे काही केले नव्हते ते माझे यजमान कुकरमध्ये वरण-भात, दुधी आणि मुगाची खिचडी करायला शिकले. घरी विरजलेले दही नाही, ताक नाही, कोशिंबीर नाही, वरून पेरलेली कोथिंबीर नाही, शेंगदाण्याची चटणी नाही. शेंगदाण्यावर बुरशी असू शकते. आंब्याचे दिवस होते. आंबा चालेल, पण स्वच्छ धुऊन, साल काढून, कापल्या कापल्या लगेच खायचा, असे उत्तर मिळाले, आणि त्यांनी ते पथ्य इतक्या निष्ठेने पाळले, की मी घास संपवेपर्यंत दुसरी फोड कापत नसत. भावाने कोकणातून पपनस पाठवले तेव्हा मात्र आहारतज्ज्ञ बाई फोनवर जवळजवळ ओरडल्याच. पपनस आणि त्याच्या जातीची फळे टॅक्रोलिमसची रक्तातील पातळी वाढवू शकतात. ते फळ घरमालकांकडे गेले.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात सायटोमेगॅलो नावाचा विषाणू जागा झाला. आपल्याकडे बहुतेक सर्वांच्या शरीरात तो लहानपणापासून निद्रिस्त असतो आणि प्रतिकारशक्ती उतरली की डोके वर काढतो. दर आठवड्याच्या तपासणीत तो लवकर सापडला, गोळ्यांनी तीन आठवड्यांत आटोक्यात आला, फक्त त्या गोळ्यांनी पांढऱ्या पेशी पुन्हा खाली आणल्या.

आता माझी चूक. टॅक्रोलिमसची पातळी मोजण्यासाठीचे रक्त सकाळची गोळी घेण्यापूर्वी द्यायचे असते, कारण मोजायची असते ती दोन मात्रांच्या मधली सर्वांत खालची पातळी. हे मला सांगितलेले होते, लेखी दिलेले होते, आणि सहा वेळा मी ते बिनचूक पाळले होते. २६ मे रोजी विषाणूच्या नव्या गोळ्या घ्यायच्या होत्या, त्या नाश्त्यासोबत होत्या, आणि सगळ्या गोळ्या एकाच वाटीत काढून मी घेऊन टाकल्या. मग रुग्णालयात जाऊन रक्त दिले. पातळी आली १९.६, हवी होती ८ ते १२. मात्रा सकाळ-संध्याकाळ दीड मिलिग्रॅमवरून अर्ध्यावर आणली गेली. आठवड्याने पातळी ३.१ झाली, आणि ३ जूनच्या सकाळी माझे तळहात लाल होते. दुपारी कानांच्या पाळ्या आणि मानेची मागची बाजू. दोन दिवसांत पाठ आणि पोट. निवासी डॉक्टर मुलगी माझ्या मुलीच्याच वयाची असेल. तिने विचारले, "काकू, त्या शुक्रवारी गोळी किती वाजता घेतलीत?" मी वही उघडली. सात वाजून चाळीस मिनिटांनी गोळ्या, सव्वानऊला रक्त. माझ्याच अक्षरात.

तिने मला एक शब्दही लावला नाही. पुरळ उठण्याचे कारण निव्वळ तेवढेच असेल असे सांगता येत नाही, कमी तीव्रतेत जीव्हीएचडी दुसऱ्या महिन्यातही होतोच, असे ती म्हणाली. पण मी माझा आक्षेप माझ्यावर नोंदवून ठेवला आहे. त्वचेचा नमुना घेतला, जीव्हीएचडी ठरला, आणि प्रेडनिसोलोन सुरू झाले, दर किलोमागे एक मिलिग्रॅम. चार दिवसांत पुरळ फिके पडले. त्याची किंमत म्हणून साखर ३१० वर गेली, मांड्यांतील ताकद गेली, रात्रीची झोप गेली, आणि यजमानांवर मी विनाकारण डाफरू लागले. इन्सुलिन घ्यावे लागले. स्टेरॉइड उतरवत न्यायला ऑगस्ट उजाडला. त्या दिवसापासून टॅक्रोलिमसची डबी मी इतर औषधांच्या वाटीत ठेवली नाही. तपासणीच्या दिवशी ती यजमानांच्या खिशात असायची आणि रक्त काढून झाल्यावरच माझ्या हातात यायची.

या सगळ्या काळात एक वेगळा आकडा हळूहळू बदलत होता. माझ्या रक्तातील किती पेशी मुलीच्या आणि किती माझ्या, हे डीएनएच्या खुणांवरून मोजतात. आईच्या आणि मुलीच्या निम्म्या खुणा सारख्याच असल्यामुळे प्रयोगशाळेला वेगळ्या असलेल्या खुणा आधी निवडाव्या लागतात. पूर्ण तीव्रतेत जुना मॅरो आधीच जळालेला असतो. माझ्या पद्धतीत काही काळ दोघींच्या पेशी एकत्र नांदू शकतात. तिसाव्या दिवशी मुलीच्या पेशी ९३ टक्के होत्या. उरलेल्या सात टक्क्यांत चांगल्या माझ्या किती आणि वाईट माझ्या किती, हा प्रश्न मी महिनाभर उराशी घेऊन झोपले. साठाव्या दिवशी ९९ टक्क्यांहून अधिक. ज्या जीव्हीएचडीने मला एवढे छळले, त्याच पेशींनी तोवर हे काम संपवले होते, आणि डॉक्टरांनी बोलण्याच्या ओघात सांगितले, की थोडा जीव्हीएचडी झालेल्या रुग्णांविषयी त्यांना आजार उलटण्याची भीती थोडी कमी वाटते. हे ऐकल्यावर तळहातांच्या सोललेल्या कातडीकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागले. शंभराव्या दिवशी, २१ जुलैला, मॅरो स्वच्छ आला आणि आम्ही सांगलीला परतलो.

ऑक्टोबरपासून टॅक्रोलिमस उतरवायला घेतले. दाबून ठेवणारे औषध जास्त काळ चालू ठेवले तर लेखापरीक्षक खुर्चीत डुलक्या घेतो आणि आजाराला वाव मिळतो. घाईने काढले तर तो घरातील धडक्या वस्तूंवरही आक्षेप काढतो. दर दोन आठवड्यांनी अर्धा मिलिग्रॅम कमी, प्रत्येक वेळी डोळ्यांपुढे तळहात धरून रंग तपासणे. जानेवारी २०२४ मध्ये शेवटची गोळी घेतली. डोळे कोरडे पडतात, थेंब घालावे लागतात. तिखट खाल्ले की गालांच्या आतून आग होते, ते जुन्या जीव्हीएचडीचे सौम्य रूप आहे. इथे सौम्य हा शब्द मला मान्य आहे.

माझा रक्तगट आयुष्यभर बी पॉझिटिव्ह होता, मुलीचा ओ पॉझिटिव्ह. मला चढवायच्या रक्ताच्या पिशव्या ओ गटाच्याच येत होत्या आणि वर्ष संपता संपता माझा गटही ओ नोंदला गेला. पर्समधील जुन्या ओळखपत्रावर अजून बी आहे. त्यावर मी लाल शाईने बारीक दुरुस्ती करून सही आणि तारीख घातली आहे, जशी लेजरमध्ये घालतात.

नव्या प्रतिकारशक्तीला लहानपणीच्या लसी आठवत नाहीत, म्हणून त्या पहिल्यापासून द्याव्या लागतात. गोवरासारख्या जिवंत विषाणूंच्या लसींना तर किमान दोन वर्षे थांबावे लागते. मे २०२४ मध्ये पुण्याहून आलेली यादी घेऊन मी सांगलीतील आमच्या जुन्या बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात गेले, ज्यांनी माझ्या दोन्ही मुलांना टोचले होते. प्रतीक्षागृहात मांडीवर बाळे घेतलेल्या चार आया होत्या. कंपाउंडरने यादी वाचली, डांग्या खोकला, घटसर्प, धनुर्वात, पोलिओ, आणि माझ्या मागे पाहत विचारले, "बाळ कुठंय?"

"मीच," मी म्हणाले आणि बाही वर केली. पुढचा डोस दोन महिन्यांनी आहे. तारीख वहीत लिहिली आहे.